गोव्याएवढी जमीन, भारताहून मोठा समुद्र



भूगोलाच्या एका शिक्षकांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्यासपीठावर नकाशा न टांगता बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून मागे हा पॅसिफिक महासागराचा नकाशा लावला आहे. मात्र आजच्या विषयाचं गाव त्यात शोधू नका. बोरा बोरा या नकाशावर ठिपक्याएवढंही नाही. नुसतं नाव छापलं आहे आणि नावाखाली निळा रंग आहे.

नाव तुमच्या ओळखीचं असेल. लग्नसराईत सहल कंपन्यांच्या जाहिरातींत ते असतं. मधोमध काळपट हिरवा सुळका, भोवती निळ्याच्या नाना छटा, पाण्यात खांबांवर उभ्या गवती छपरांच्या खोल्या. हे चित्र बघणारा खोलीचं भाडं विचारतो. तिथे कर कोण बसवतं, पोलीस कुणाचे, लोक मत कुठे देतात, हे विचारावं असं त्याला वाटत नाही. मला आज तेवढंच विचारायचं आहे. सुळका, प्रवाळ आणि चहूकडचं पाणी यांनी तिथलं राजकारण कसं घडवलं, ते पाहायचं आहे. चित्र आणि राजकारण हे दोन विषय आहेत, असं मी मानत नाही.

आधी जागा. कोल्हापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जितक्या अंशांवर, जवळपास तितक्याच अंशांवर बोरा बोरा दक्षिणेला आहे. घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे. ताहिती या मोठ्या बेटापासून ते वायव्येला सुमारे २६० किलोमीटर. ताहितीपासून ऑकलंड चार हजार किलोमीटर, लॉस एंजेलिस साडेसहा हजारांच्या वर, आणि पॅरिस सुमारे पंधरा हजार सातशे. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, कारण या सगळ्या बेटांचा मालकी हक्क पॅरिसमध्ये नोंदलेला आहे.

या बेटसमूहाचं नाव फ्रेंच पॉलिनेशिया. सोसायटी, तुआमोतू, गँबिये, मार्केसस आणि ऑस्ट्रल असे पाच द्वीपसमूह आणि शंभराहून अधिक बेटं. सगळ्यांची जमीन एकत्र केली तर साधारण गोव्याएवढी भरते. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या वर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराइतकी. पण ही बेटं पसरली आहेत युरोपएवढ्या समुद्रावर. सागरी कायद्याने बेटाभोवतीच्या दोनशे सागरी मैलांतली मासळी आणि तळाची खनिजं त्या बेटाच्या मालकाची होतात. त्या हिशेबाने इथलं अनन्य आर्थिक क्षेत्र सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस लाख चौरस किलोमीटर होतं. भारताचं क्षेत्रफळ तेहतीस लाखांच्या आत आहे. फ्रान्स आज जगातल्या पहिल्या दोन सागरी देशांत मोजला जातो, तो बऱ्याच अंशी या ठिपक्यांमुळे. जमीन मोजली तर इथे जवळजवळ काहीच नाही आणि समुद्र मोजला तर साम्राज्य आहे.

आता तो सुळका. त्याचं नाव ओतेमानू, उंची ७२७ मीटर. म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा बराच बुटका, पण समुद्रातून एकदम उठलेला, म्हणून छाती दडपते. तो आहे आपल्या सह्याद्रीच्याच जातीचा, बसाल्टचा. समुद्रतळाखालच्या एका तप्तबिंदूतून लाव्हा वर येत राहतो आणि वरून पॅसिफिकचा तळ वायव्येकडे सरकत असतो. त्यामुळे ज्वालामुखी एकामागून एक जन्मतात आणि ओळीने पुढे ढकलले जातात. आग्नेय टोकाला सर्वांत तरुण मेहेतिया, मग ताहिती, मोओरिआ, हुआहिने, राइयातेआ, बोरा बोरा आणि त्यापुढे मौपिती. या ओळीत वायव्येकडे जाल तसं वय वाढतं. ताहिती दहा लाख वर्षांच्या आसपासचं, बोरा बोरा तीस-चाळीस लाखांचं. आपला दख्खन साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो ज्या तप्तबिंदूने घडवला असं मानतात तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. तेही बेट फ्रान्सचंच, हा योगायोग. रियुनियनचा उल्लेख मी पुढे पुन्हा करणार आहे, वेगळ्या कारणासाठी.

ज्वालामुखी थंडावला की स्वतःच्या वजनाने खचू लागतो. त्याच्या काठाला चिकटलेलं प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वाढत राहतं. डोंगर खाली जातो, प्रवाळ जागच्या जागी उंच होतं आणि दोहोंमध्ये उथळ पाण्याचा पट्टा पडतो. हेच ते जाहिरातीतलं लगून. पुढे डोंगर पूर्ण बुडाला की नुसतं कंकण उरतं. बोरा बोराच्या उत्तरेला तुपाई नावाचं असं एक कंकणद्वीप आहे. ही उपपत्ती चार्ल्स डार्विनची. नोव्हेंबर १८३५ मध्ये ताहितीच्या उंचावरून समोरचं मोओरिआ बघताना त्याच्या मनातला तर्क पक्का झाला, आणि पुढे लिहिताना त्याने बोरा बोराचं चित्र उदाहरणादाखल दिलं. तर्क खरा ठरायला एकशे सतरा वर्षं लागली. १९५२ मध्ये मार्शल बेटांतल्या एनिवेटोकवर छिद्र पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटरहून जाड प्रवाळाच्या चुन्याखाली बसाल्ट लागला. अमेरिकेने एनिवेटोकवर छिद्रं पाडली ती डार्विनच्या प्रेमापोटी नव्हे. तिथे अणुबाँब फोडायचे होते, म्हणून पायाखालचा खडक तपासून घेतला. पॅसिफिकमध्ये भूगर्भशास्त्र आणि बाँब असे वारंवार एकत्र भेटतात.

बोरा बोराच्या प्रवाळभित्तीला मोठी जहाजं आत येतील अशी वाट एकच आहे, पश्चिमेची तेआवानुई. बाकी सगळीकडे लाटा भित्तीवर फुटतात. चहूबाजूंनी तट आणि एकच दरवाजा, असं बंदर कोणत्याही आरमाराला हवंसं वाटेल. अमेरिकेला ते १९४२ मध्ये हवं होतं. पर्ल हार्बरनंतर ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या जहाजांना वाटेत तेल भरायला तळ पाहिजे होता. ताहितीने १९४० च्या सप्टेंबरमध्येच द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रान्सची बाजू घेतली होती, त्यामुळे परवानगी मिळाली. त्या वेळी जेमतेम हजार-दीड हजार वस्तीच्या बेटावर हजारोंनी सैनिक उतरले. त्यांनी तेलाच्या टाक्या बांधल्या, डोंगरावर तोफा चढवल्या आणि १९४३ मध्ये भित्तीवरच्या मोतू मुते या सपाट पट्टीवर धावपट्टी तयार केली. जपानी आलेच नाहीत. तोफा अजून तिथेच आहेत आणि पर्यटक त्यांच्यासमोर फोटो काढतात. धावपट्टी मात्र खरी कामाला आली. ताहितीच्या फाआचा विमानतळ १९६० च्या सुमाराला होईपर्यंत धावपट्टी लागणारं दुरून येणारं विमान बोरा बोरालाच उतरे आणि राजधानीला जाणारा माणूस तिथून समुद्रविमानाने पुढे जाई. हनिमूनचं बेट आधी लष्करी तळ होतं, हे जाहिरातवाले सहसा सांगत नाहीत.

पण मी घाई केली, थोडं मागे जायला हवं. या बेटांना आपण दुर्गम म्हणतो. तिथल्या माणसाला ती तशी कधी वाटत होती का? १७६९ मध्ये कॅप्टन कुक शुक्राचं अधिक्रमण पाहायला ताहितीत आला. तिथून निघताना त्याने तुपाया नावाच्या एका जाणत्या पुरोहिताला जहाजावर घेतलं. हा माणूस बोरा बोराशेजारच्या राइयातेआचा. तिथलं तापुतापुआतेआ हे देवस्थान पूर्व पॉलिनेशियाच्या दर्यावर्दी लोकांचं मुख्य केंद्र, आज ते जागतिक वारसा यादीत आहे. तुपायाने कुकच्या लोकांसाठी सत्तरहून अधिक बेटांचा नकाशा काढून दिला. होकायंत्र नाही, कागद त्याच्या परंपरेत नाही, तरी हजारो किलोमीटरच्या समुद्रातली बेटं कोणत्या दिशेला आणि किती दिवसांच्या वाटेवर आहेत, हे त्याच्या डोक्यात होतं. तारे, लाटांचा कल, पक्षी यांवरून वाट काढता येते हे आधुनिक काळातही सिद्ध झालं. १९७६ मध्ये होकुलेआ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला यंत्रांशिवाय पोचली. त्या लोकांना समुद्र वाट होता. तो अडसर झाला तो बेटांचा कारभार दुसऱ्या टोकाला गेल्यावर, कारण मग प्रत्येक बेट शेजारच्या बेटाऐवजी पॅरिसपासून मोजलं जाऊ लागलं.

तो कारभार गेला कसा, हे थोडक्यात सांगतो. १८४२ मध्ये फ्रान्सने ताहितीच्या राणी चौथ्या पोमारेवर संरक्षणाचा तह लादला. ब्रिटन रागावलं. १८४७ मध्ये दोघांनी आपसात ठरवलं की हुआहिने, राइयातेआ आणि बोरा बोरा ही बेटं कुणीच घ्यायची नाहीत. त्यामुळे ताहिती खालसा झालं १८८० मध्ये, पण बोरा बोराचं राज्य दोन युरोपीय सत्तांच्या परस्पर संशयावर आणखी काही वर्षं टिकलं. १८८७ मध्ये ब्रिटनने तो शब्द सोडून दिला. पुढच्याच वर्षी फ्रान्सने बेटं घेतली. राइयातेआवर तेराउपोओ नावाच्या सरदाराने १८९७ पर्यंत लढा दिला, मग त्याला पकडून न्यू कॅलेडोनियाला हद्दपार केलं. दोन बलाढ्यांच्या भांडणात तिसऱ्याचं संस्थान काही काळ जगतं आणि भांडण मिटलं की बुडतं, हा इतिहास मराठी श्रोत्यांना मी काय समजावणार!

दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अ-स्वशासित प्रदेशांची यादी केली, त्यात ही बेटं होती. १९४७ मध्ये फ्रान्सने त्यांचं नाव वगळलं. कारण असं दिलं की आता ती वसाहत नाही, सागरापारचा फ्रेंच प्रदेश आहे आणि तिथले लोक फ्रेंच नागरिक आहेत. ही युक्ती आपल्याला अनोळखी नाही. पोर्तुगालने १९५१ मध्ये राज्यघटना बदलली आणि गोवा, दमण, दीव हे वसाहत न राहता सागरापारचा प्रांत झाले, निदान कागदावर. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत शिरताना पोर्तुगालने सांगितलं की आमच्याकडे वसाहत नावाची चीजच नाही. आमसभेने ते मानलं नाही आणि १९६० च्या ठरावात गोव्याचं नाव स्पष्ट घातलं. पुढच्या डिसेंबरात काय झालं ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. फ्रान्सचं भारतातलं प्रकरण सौम्यपणे मिटलं. पाँडिचेरी, कारिकल, माहे आणि यानम १९५४ मध्ये प्रत्यक्षात भारताकडे आले. गंमत अशी की पाँडिचेरी आणि ताहिती यांचं फ्रेंच दप्तरातलं सरकारी नाव एकाच साच्यातलं होतं. एक भारतातली फ्रेंच ठाणी, दुसरी ओशनियातली. पाँडिचेरीच्या मागे पस्तीस-छत्तीस कोटींचा देश उभा होता. ताहितीच्या मागे पाणी होतं.

१९५८ मध्ये द गॉल यांनी सगळ्या वसाहतींना विचारलं, आमच्याबरोबर राहायचं की नाही. हुआहिनेत जन्मलेला, पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेला पुवानाआ आ ओओपा हा तिथला लोकनेता. त्याने ‘नाही’ म्हणा असा प्रचार केला. सुमारे चौसष्ट टक्के लोक ‘हो’ म्हणाले. दोन आठवड्यांच्या आत, ऑक्टोबरात त्याला अटक झाली. राजधानी पापेएते जाळण्याचा कट केल्याचा आरोप ठेवून तुरुंगवास आणि हद्दपारी अशी शिक्षा दिली. तो १९६८ मध्ये परतला, नंतर फ्रान्सच्या सिनेटवर निवडून आला आणि १९७७ मध्ये वारला. २०१८ मध्ये फ्रान्सच्याच न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

त्याला इतक्या तातडीने बाजूला का केलं, याचं एक उत्तर मला पुढच्या पाच-सात वर्षांत दिसतं. फ्रान्स आपले अणुबाँब सहारात फोडत होता. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, सहारा हातचा जाणार हे उघड होतं. नवी जागा हवी, ती फ्रेंच हवी, पॅरिसपासून शक्य तितकी लांब हवी. मघाचा तो पंधरा हजार सातशेचा आकडा आठवा. ताहितीच्या आग्नेयेला सुमारे साडेबाराशे किलोमीटरवर मोरुरोआ आणि फांगाताउफा ही दोन कंकणद्वीपं निवडली गेली. २ जुलै १९६६ रोजी पहिला स्फोट झाला. २७ जानेवारी १९९६ रोजी शेवटचा. एकूण १९३ चाचण्या, त्यांतल्या पहिल्या ४६ खुल्या हवेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९७४ नंतर फ्रान्सने हवेतले स्फोट थांबवले आणि प्रवाळातून खाली बसाल्टपर्यंत विवरं पाडून त्यांत स्फोट सुरू केले. डार्विनचा तर्क इथेही उपयोगी पडला, हे सांगताना बरं वाटत नाही.

जुलै १९७४ मधल्या एका स्फोटाचा ढग अपेक्षित दिशेला न जाता ताहितीवर आला. तिथल्या लोकांना तेव्हा काही सांगितलं गेलं नाही. कॅन्सरग्रस्तांच्या भरपाईचा कायदा व्हायला २०१० उजाडलं. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन पापेएतेत म्हणाले की फ्रान्सवर पॉलिनेशियाचं ऋण आहे. माफी मागितली नाही.

पण बाँबने फक्त किरणोत्सर्ग आणला असता तर हे राजकारण सोपं झालं असतं. त्याने पगारही आणले. त्याआधी बेटांची मिळकत खोबरं, व्हॅनिला आणि माकातेआ बेटावरच्या फॉस्फेटच्या खाणीची. खाण संपून बंद झाली ती १९६६ मध्येच. त्याच वर्षी बाँब सुरू झाले. लांबलांबच्या बेटांवरची माणसं माडाच्या वाड्या सोडून ताहितीत आली. सरकारी नोकरी, आयात केलेलं अन्न, गाड्या, सिमेंटची घरं. एका पिढीत खेड्याचं गाव आणि गावाचं उपनगर झालं. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी थांबलेल्या चाचण्या पुन्हा सुरू केल्या तेव्हा पापेएतेत जाळपोळ झाली, विमानतळाची मोडतोड झाली. पुढच्या वर्षी चाचण्या कायमच्या बंद झाल्या, आणि मग प्रश्न पडला की आता खायचं काय. काळे मोती आणि पर्यटन ही दोन उत्तरं आधीपासून होती, त्यांवर भिस्त वाढली. बोरा बोराचं आजचं वैभव असं बाँबच्या जागी भरलेल्या पैशासारखं आहे.

त्या वैभवाचा आकार फसवा आहे, तेही सांगतो. साऱ्या फ्रेंच पॉलिनेशियात वर्षाला अडीच लाखांच्या थोडे वर पर्यटक येतात. हवाईत तेवढे दहा-बारा दिवसांत येतात. बोरा बोरावर दहा हजार लोक राहतात, मुख्य बेट जेमतेम तीस चौरस किलोमीटरचं, त्यात सपाट जागा किनाऱ्याची पट्टी तेवढी. पिण्याचं पाणी पुरत नाही, म्हणून समुद्राचं गोडं करावं लागतं. एक युक्ती मात्र मला फार आवडते. भित्तीबाहेर समुद्र एकदम खोल जातो, म्हणून एका हॉटेलाने नऊशे मीटर खोलवरचं थंडगार पाणी नळाने वर आणून वातानुकूलन चालवलं आहे. बुडत्या ज्वालामुखीच्या उताराचा इतका हुशार उपयोग दुसरा नसेल. गावाने मोठ्या पर्यटक जहाजांवरही मर्यादा घातली आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. बोरा बोरा आज कोण आहे? रियुनियन पूर्ण फ्रान्स आहे. पॅरिससारखाच विभाग, युरो चलन, युरोपीय संघाचा भाग. बोरा बोरा तसं नाही. फ्रेंच पॉलिनेशियाला १९७७ आणि १९८४ मध्ये स्वायत्तता मिळत गेली आणि २००४ च्या खास कायद्याने ती वाढली. सत्तावन्न सदस्यांची विधानसभा आहे, स्वतःचा अध्यक्ष, ध्वज, गीत आहे. कर ते बसवतात, आणि तिथे व्यक्तींवर आयकर नाही. आरोग्य, शाळा, मासेमारी, समुद्रतळाची खनिजं हेही त्यांच्याकडे. संरक्षण, परराष्ट्र धोरण, न्याय, पोलीस, चलन आणि नागरिकत्व फ्रान्सकडे. विधानसभेने केलेला कायदा पॅरिसचं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय तपासू शकतं. चलन पॅसिफिक फ्रँक, युरोशी कायमचं बांधलेलं. माणूस फ्रान्सचा आणि म्हणून युरोपचा नागरिक, पण त्याचं गाव युरोपीय संघाबाहेर. पॅरिसच्या संसदेत त्याचे तीन खासदार आणि दोन सिनेटर बसतात.

आपल्या पिढीला वसाहत आणि स्वातंत्र्य एवढेच दोन रकाने शिकवले गेले. या बेटांना ते पुरत नाहीत. शेजारच्या कुक बेटांनी १९६५ मध्ये न्यूझीलंडशी मुक्त सहयोगाचा करार केला. सरकार स्वतःचं, पासपोर्ट न्यूझीलंडचा. किरिबाती १९७९ मध्ये पूर्ण स्वतंत्र झालं. तिथेही जमीन थोडी आणि समुद्र अफाट. परदेशी मासेमारी बोटींच्या परवान्यांतून त्यांचा बराच खर्च निघतो, पण राहणीमान ताहितीच्या जवळपासही नाही. फ्रेंच पॉलिनेशियाचा मतदार ही दोन्ही उदाहरणं ओळखतो. फ्रान्सकडून दर वर्षी दीड अब्ज युरोंहून अधिक रक्कम येते, हेही त्याला ठाऊक असतं.

त्यामुळे तिथलं राजकारण आपल्या अपेक्षेला चकवतं. ऑस्कर तेमारू हे वर्षानुवर्षं फाआचे नगराध्यक्ष राहिलेले, स्वातंत्र्यवाद्यांचे ज्येष्ठ. त्यांच्या प्रयत्नाने १७ मे २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ही बेटं पुन्हा अ-स्वशासित प्रदेशांच्या यादीत घातली. त्याच दिवशी तिकडे पापेएतेत फ्रान्सच्या बाजूचे गास्तों फ्लॉस अध्यक्ष झाले, कारण महिन्याच्या सुरुवातीच्या निवडणुकीत तेमारूंचा पक्ष हरला होता. जगाने बेटांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला तो तेमारूंच्या मतदारांनी त्यांची सत्ता काढून घेतल्यानंतर. २०२३ मध्ये उलटं झालं. तेमारूंच्या पक्षाने ५७ पैकी ३८ जागा जिंकल्या आणि मोएताई ब्रोदर्सन अध्यक्ष झाले. ते तेव्हा म्हणाले, सार्वमत घेऊ, पण दहा-पंधरा वर्षांनी, आधी अर्थव्यवस्था सावरू. मतं पडली तीही बऱ्याच अंशी महागाई आणि जुन्या सरकारवरच्या रागाची. बोरा बोरावर फ्रान्सशी नातं हवं म्हणणारे गास्तों तोंग सांग वर्षानुवर्षं नगराध्यक्ष राहिले, आणि ते तीनदा साऱ्या प्रदेशाचे अध्यक्षही झाले होते. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने असं मत देणं मला गुलामीचं लक्षण वाटत नाही. ते घासाघीस करत आहेत, आणि दोन्ही बाजूंना ठाऊक आहे की त्या सत्तेचाळीस लाख चौरस किलोमीटरशिवाय फ्रान्सचं पॅसिफिकमधलं वजन बरंच घटतं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर त्यांनी कुक बेटांच्या वाटेने जावं. पण मत मी देणार नाही, ते देतील.

श्रोत्यांपैकी कुणी जायच्या विचारात असेल तर एक सांगून थांबतो. युरोपसाठी काढलेला शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालेल असं गृहीत धरू नका. फ्रेंच वकिलातीकडून फ्रेंच पॉलिनेशियाचा नियम वेगळा विचारून घ्या. उतराल तेव्हा समोर फ्रेंच पोलीस असेल, खिशात पॅसिफिक फ्रँक लागतील, आणि स्वागताला आलेली मंडळी ताहितीयन भाषेत बोलतील. व्हिसाचा फॉर्म भरताना मी आत्ता सांगितलेलं सगळं ‘कुठे जायचं आहे’ या एका रकान्यात तुम्हाला दिसेल. आता प्रश्न विचारा. अध्यक्षांनी त्यासाठी वीस मिनिटं राखून ठेवली आहेत.